वाटेत कुणी विचारलं तर



मे महिना लागला की भिवंडीतल्या आपल्या वस्त्या अर्ध्या रिकाम्या होतात. लूमवर कांड्या भरणारे, मानकोली-दापोड्याच्या गोदामांत माल चढवणारे, महानगरपालिकेत झाडू धरणारे, शाळेत खडू धरणारे, सगळे पोराबाळांना घेऊन गावाकडं निघतात. कुणी एसटीनं, कुणी चार घरांनी मिळून ठरवलेल्या जीपनं, कुणी मोटारसायकलवर एक पोर पुढं टाकीवर आणि एक मधी दाबून. आत्याकडं, मामाकडं, चुलत्याकडं. यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. मला वाटतं, आहे. निघण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. तो आपण सोडवत नाही, पोरांवर ढकलतो.

प्रश्न असा. वाटेत हॉटेलात, रसवंतीवर, गावच्या फाट्यावर कुणी पोराला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, नाव काय? पूर्ण नाव सांग. कुठल्या गावाला चाललास? गावात घर कुठं रे?" तर पोरानं काय सांगायचं? खरं सांगायचं? टाळायचं? की आपल्यातले काहीजण शिकवतात तसं सवर्णात खपेल असं आडनाव सांगून मोकळं व्हायचं?

कुणी म्हणेल, हा प्रश्न आता जुना झाला. आग्रा रोडवरच्या हॉटेलात आता वेगळा कप नसतो. खरं आहे. संविधानाचं 17 वं कलम आहे, 1955 चा कायदा आहे, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. कप एक झाला, पण विचारणं थांबलं नाही. आता कुणी सरळ जात विचारत नाही. गाव विचारतात, मग गावातली बाजू विचारतात. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. पण "भीमनगरात" असं उत्तर आलं की विचारणाऱ्याला पाहिजे ते कळतंच. चेहरा बदलतो. मोठ्या माणसाला त्या बदललेल्या चेहऱ्याची सवय असते. पोराला नसते.

म्हणून आधी एका पोराच्या प्रवासाकडं बघू.

सन 1901. सातारा. भीमराव नावाचा नऊ-दहा वर्षांचा पोरगा. आई वारलेली. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार. सरकारनं भुकेल्या लोकांना काम द्यायला तलाव खोदायला काढला होता. वडिलांनी पत्र धाडलं, सुट्टीत इकडं या. भीमराव, त्याचा थोरला भाऊ आणि वारलेल्या बहिणीची पोरं हरखून गेली. नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं, कारण पोरांचं पत्र वडिलांच्या हाती पोचलंच नव्हतं. स्टेशनमास्तर आला, आपुलकीनं विचारपूस केली, आणि शेवटी विचारलं, तुम्ही कोण? पोरानं क्षणभर विचार न करता सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तराचा चेहरा बदलला, तो निघून गेला. बैलगाडीवाले भाडं घ्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, आणि अट अशी की गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान खाली चालणार. वाटेत भाकरी होती, पण पाणी गढूळ, शेणामुताचं. भाकरी घशाखाली उतरेना.

रात्री टोलनाका लागला. गाडीवानानं पोरांना शिकवलं, पाणी मागाल तर मुसलमान आहोत म्हणा. भीमराव नाकेदाराकडं गेला, चांगल्या उर्दूत बोलला आणि मुसलमान असल्याचं सांगितलं. नाकेदार हिंदू होता. तो म्हणाला की तुमच्यासाठी पाणी कुणी भरून ठेवलंय, पाहिजे तर टेकडीवर जाऊन आणा. पोरं तहानलेलीच झोपली. दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या सुमारास वडिलांपाशी पोचली.

हे बाबासाहेबांनी 1935-36 च्या सुमारास स्वतः लिहून ठेवलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1990 साली छापलं. आपण ते पोरांना वाचून दाखवतो ते "बाबासाहेबांना किती त्रास झाला" हे सांगायला. तेवढ्यावर थांबतो. मला त्यात दुसरं दिसतं. या एका प्रवासात पोरानं दोन उत्तरं दिली. स्टेशनवर खरं बोललं, गाडी गेली. नाक्यावर खोटं बोललं, पाणी मिळालं नाही. म्हणजे खरं बोलावं की खोटं, याचा निकाल "काय बोलल्यानं काम होतं" यावर लावता येत नाही. दोन्ही उत्तरांनी हात रिकामेच राहिले.

मग कशावर लावायचा?

आपण निघताना विहारात जातो, वंदना घेतो, पोरं पंचशील म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. आणि जीपमध्ये बसल्यावर बाप सांगतो, "कुणी विचारलं तर अमुक आडनाव सांग." पोराच्या मनात याचं काय होत असेल? ते विचारत नाही, पण धरून ठेवतं. एकतर शील म्हणजे नुसतं पाठांतर, किंवा आपलं नाव म्हणजे काहीतरी लपवण्यासारखी गोष्ट. दोन्हीतलं एक ते शिकतंच.

तरी मी असं म्हणणार नाही की लपवणं म्हणजे सरसकट भित्रेपणा. भिवंडीत राहून असं म्हणता येत नाही. मे 1970 मध्ये इथं दंगल झाली, जिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगानं केली. मे 1984 मध्ये पुन्हा झाली आणि ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. दंगलीत रस्त्यावर नाव विचारणं म्हणजे काय असतं, हे या गावाला दोनदा कळलंय. जमावासमोर ज्यानं खोटं नाव सांगून आपलं पोर वाचवलं, त्याला शीलाचा पाठ शिकवायला मी जाणार नाही. शील माणसासाठी आहे. माणूस मारून शील पाळायचं नसतं.

आणि धर्माची टोपी घातली म्हणून पाणी मिळतंच असंही नाही. 1934 साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. निजामाचं राज्य, रमजानचा महिना. दारातल्या हौदावर या लोकांनी धूळ धुवायला हातपाय धुतले, तर मुसलमानांचा जमाव अंगावर आला, अस्पृश्यांनी हौद बाटवला म्हणून. किल्ला बघायला सोडलं ते बरोबर एक शिपाई देऊन, पाण्याला शिवू नये म्हणून. लहानपणी ज्या नावाआड पाणी मागितलं, त्याच नावाच्या लोकांनी मोठेपणी पाणी अडवलं. याचा अर्थ मुसलमान आपला वैरी असा नाही. शेजारच्या मोमीन विणकरांच्या घरात लूम आणि कर्ज दोन्ही आपल्यासारखंच आहे. याचा अर्थ एवढाच की या देशात जात फक्त एका धर्माच्या पेटीत नाही. आणि उसनं नाव घेतलं की त्या नावाचं वैरही उसनं मिळतं, पाणी मिळेलच असं नाही.

तेव्हा मी दोन खोटी वेगळी करतो. एक जिवासाठी बोललेलं. तहानेनं, भीतीनं, जमावापुढं. ते तिथल्या तिथं संपतं. त्याचा दोष विचारणाऱ्याचा. 1901 च्या त्या रात्रीचं खोटं या जातीचं. बाबासाहेबांनी मोठेपणी ते जगापुढं ठेवलं, लपवलं नाही, त्याची माफीही मागितली नाही. दुसरं खोटं इभ्रतीसाठी बोललेलं. चहा मिळतोच आहे, बसायला खुर्ची आहे, फक्त समोरच्याच्या डोळ्यांत कमी पडू नये म्हणून बोललेलं. हे खोटं संपत नाही. त्याला रोज खायला घालावं लागतं. आणि ते पहिल्यांदा कुणाला खातं माहीत आहे? नातेवाइकांना.

कसं ते सांगतो. हॉटेलात ज्यानं दुसरं आडनाव सांगितलं, त्याला शहरात सोसायटीच्या बैठकीत तेच चालवावं लागतं. मग गावाकडून आत्या आली, कपाळ मोकळं, हातावर हिरवं गोंदण, दारातून मोठ्यानं "जयभीम" म्हणाली, की तिला पटकन आत घ्यावं लागतं. पुढच्या वेळी तिला "गर्दी असते गं, आम्हीच येतो" असं सांगितलं जातं. मग आपणही जात नाही. पोर हे सगळं बघत असतं. कुणी शब्दानं सांगितलेलं नसताना त्याला कळतं की आपल्यातली काही माणसं दाखवायची असतात आणि काही झाकायची असतात. रस्त्यावरचं खोटं असं घरात येतं.

याचं टोक मी गावाकडच्या घरांत बघितलंय. गाडी थांबते. थोरली बाई गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात येते. शहरातून आलेलं पोर मागं सरकतं. त्याच्या हातात बाटली असते. "त्याला इथलं पाणी सोसत नाही," असं आई हसून म्हणते. बाई तांब्या खाली ठेवते. काही बोलत नाही.

या बाईनं आयुष्यभर हात ओंजळीचे करून पाणी पिलंय. वरून ओतणारा हात नेहमी दुसऱ्याचा. आता तिच्या हातचं पाणी तिच्याच रक्ताचं पोर घेत नाही. पोराचा काय गुन्हा? काही नाही. आईचाही अर्धाच. वस्तीतलं पाणी खरंच वाईट असू शकतं. नळाची लाईन शेवटी आपल्यापर्यंत येते, बोअरचं पाणी खारट, हातपंपाशेजारी गटार. पोर आजारी पडलं तर भिवंडीला परत आणेपर्यंत जीव टांगणीला. म्हणून "प्रेमानं घोटभर पी" असं मी म्हणणार नाही. भावनेनं जंतू मरत नाहीत. मी म्हणतो, पाणी उकळा, पण मोठ्या पातेल्यात उकळा. घरातल्या सगळ्यांसाठी. आत्यासाठी, तिच्या नातवंडांसाठी, तुमच्या पोरासाठी एकच पाणी. आणि ते आत्याच्याच हातानं घ्या. पाणी तेच, पोटही सुरक्षित, पण वेगळी बाटली आणि एक पातेलं यांत फरक आहे. ज्या पाण्यासाठी 1927 साली महाडला लोक चवदार तळ्यावर गेले, तो फरक हाच होता. तहान भागवायला तळं लागत नव्हतं. एकाच ठिकाणचं पाणी सगळ्यांनी प्यावं, यासाठी ते गेले होते.

आता दुसऱ्या बाजूचा सवाल. शाखेतले तरुण मला विचारतात, बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं, आणि तुम्ही पोरांना गावाकडं नेता? सवाल खरा आहे. 1942 च्या नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या वेगळ्या वसाहतींचा ठराव झाला. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाचं गोडवं गाणाऱ्यांना सुनावलं, की ही खेडी अज्ञानाची आणि कोतेपणाची घरं आहेत. हे सगळं मान्य. पण नागपूरच्या ठरावातली मागणी नीट वाचा. तिथं एकट्यादुकट्यानं पळून जा असं नव्हतं. सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचं, सरकारनं जमीन द्यायची, असं होतं. ती जमीन मिळाली नाही. मग जो तो आपापल्या बळावर निघाला. ज्याचे पाय धड होते, ज्याला चार इयत्ता होत्या, ज्याचा कुणी गिरणीत किंवा लूमवर होता, तो निघाला. म्हातारी, विधवा, त्या गावात दिलेली बहीण, अपंग भाऊ मागं राहिले. आपण निघालो त्या दिवशी त्यांनी आपलं घर धरलं, आपल्या आईबापाला शेवटचं पाणी पाजलं. 1958 च्या कायद्यानं वतन गेलं. त्यानंतर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, तेव्हा तुरुंगात गेलेल्यांत ही मागं राहिलेलीच माणसं जास्त होती. गायरानाचा जो तुकडा आजही कुणी कसत असेल, तो त्यांनी राखलाय.

तेव्हा गाव सोडणं बरोबर, आणि माणसं सोडणं चूक. या दोन गोष्टी आपण एकात एक मिसळल्या. आग्र्याला 18 मार्च 1956 रोजी बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती याबद्दलच. गावाचं ऋण आपल्यावर नाही. गावानं आपल्याला काय दिलं? पण गावात राहिलेल्या आपल्या माणसांचं ऋण आहे. ते जुन्या कपड्यांच्या बोचक्यानं फिटत नाही. सुट्टीत गेल्यावर त्यांच्या रेशनकार्डावरची नावं बघा, गायरानाच्या अतिक्रमणाची नोंद झाली का बघा, म्हातारीची निराधार योजनेची पेन्शन का अडली ते तहसिलात जाऊन विचारा. आणि पोराला बरोबर न्या. आजीचा अर्ज त्यानं आपल्या हातानं लिहावा. इंग्रजी शाळेत शिकलेलं अक्षर एकदा तरी तिच्या कामाला येऊ दे.

आता मूळ प्रश्नाकडं. वाटेत कुणी विचारलं तर पोरानं काय सांगायचं?

माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे.

पहिली. पोराला घरीच सांगा, वाटेवर नको. कित्येक आईबाप सांगतच नाहीत. म्हणतात, कोवळ्या जिवाला घाव कशाला. पण 1901 च्या पोरांना मसूरच्या स्टेशनवर काय होणार हे माहीत नव्हतं. शाळेत वेगळं गोणपाटावर बसणं ठाऊक होतं, शिपायाशिवाय पाणी नाही हे ठाऊक होतं, पण गाडीवाला दुप्पट पैशालाही शिवत नाही हे ठाऊक नव्हतं. न सांगण्यानं घाव टळला नाही. नव्या कपड्यांवर, हरखलेल्या मनावर तो जास्त खोल बसला. सांगितल्यानं दुखायचं थांबत नाही, हे मलाही माहीत आहे. पण एक फरक पडतो. समोरच्याचा चेहरा बदलला की न सांगितलेलं पोर स्वतःकडं बघतं, माझं काय चुकलं? सांगितलेलं पोर त्या माणसाकडं बघतं, याचं काय चुकलंय? पोराला नुसती जात सांगू नका. जातीचा दोष कुणाचा, ते सांगा.

दुसरी. उत्तराचं ओझं पोरावर टाकू नका. नऊ वर्षांच्या पोराला नाक्यावर पुढं करणं हे त्या गाडीवानाचं काम होतं. बाप बरोबर असताना त्यानं ते करू नये. पोराला विचारलं तर मोठ्यानं मधी बोलावं. खरं नाव, खरं गाव, खरी वस्ती, सरळ आवाजात. पोरगी पटकन खरं सांगून बसली तर तिला चिमटा काढू नका. तिनं मसूरच्या स्टेशनवरचं उत्तर दिलंय. आणि प्रसंग खरोखर जिवावरचा असेल, तर काय बोलायचं तो निर्णय मोठ्यांचा. नंतर पोराला जवळ घेऊन सांगा की ते खोटं मी बोललो, का बोललो, आणि त्यात तुझ्या नावाचा काही दोष नव्हता.

तिसरी. रस्ता दाखवा. आता समृद्धी महामार्ग झालाय. 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि आमणे आपल्या भिवंडी तालुक्यातच. इथून नागपूरपर्यंत 701 किलोमीटर. ज्याच्याकडं चार चाकं आहेत तो सुसाट जातो. दुचाकीला त्यावर बंदी, तेव्हा टाकीवर पोर बसवणारा जुन्याच रस्त्यानं जातो. जाऊ दे. जुना रस्ता कसारा घाटातून नाशिकला जातो, जिथं 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढं येवला लागतं, जिथं 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. समृद्धीवरून गेलं तर येवला बाजूला राहतं. ज्याला औरंगाबादकडं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराकडं जायचंय, त्यानं एकदा तरी येवल्यावरून जावं. एक तास जास्त लागेल. मुक्तिभूमीवर पोरांना उतरवावं आणि सांगावं, तुझं आताचं नाव इथून निघालं.

एवढं केलेल्या पोराला वाटेत कुणी विचारलं, तर काय सांगायचं हे शिकवावं लागणार नाही. शिकवायचं राहिलं असेल तर विचारणाऱ्याला. ते काम आपलं, मोठ्यांचं आहे. ते पोरांच्या सुट्टीत घालू नका.

आणि हो, आत्यानं तांब्या पुढं केला की आधी तुम्ही प्या. पोर तुमच्या हाताकडं बघत असतं.

जयभीम.